तलाव भरला की दर वर्षी मोरीजवळच ओल: पाझर परत का येतो आणि काय करायचं

लक्षण ओळखीचं आहे. उन्हाळाभर तलावाला तळ दिसतो. सप्टेंबरात दोन-तीन दणदणीत पाऊस होतात, पाणी मोरीच्या, म्हणजे भरावाखालून पाणी सोडायच्या पाइपच्या, वर दोन-अडीच मीटर चढतं आणि भरावाच्या खालच्या बाजूला, मोरीच्या तोंडाशेजारी, माती काळीभोर दिसायला लागते. आठ दिवसांत तिथून करंगळीएवढी धार. मग दोन ट्रॉली काळी माती आणून धोपटली जाते, वर सिमेंटचा गिलावा. धार थांबते, सगळे खूश. पुढच्या हंगामात तीच ओल दीड मीटर वर किंवा चार हात बाजूला.

पाझर बंद झालेलाच नसतो, फक्त त्याचं तोंड बुजवलेलं असतं. मागून पाण्याचा रेटा तेवढाच असल्यामुळे भरावात ओलीची पातळी चढते, खालचा उतार जड आणि मऊ होतो, आणि पाणी नवं तोंड शोधतं. नव्या तोंडातून येताना ते माती घेऊन येतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. सोलापूरजवळचा एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ पासून मातीच्या भरावावर उभा आहे, तेव्हा माती हा दोष नव्हे. पाणी बाहेर येऊ द्यायचं आणि माती आत अडवायची, एवढं साधलं तर भराव टिकतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: पाणी अडवायला जातात आणि माती जाते.

सोलापुरात हे जास्त का

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरातला. म्हणजे भराव सात-आठ महिने उन्हात तापतो आणि एखाद्या रात्रीत तलाव तुडुंब होतो. १४ ऑक्टोबर २०२० ला जिल्ह्यात जो मुसळधार पाऊस झाला, तसा पाऊस भरावाला सवय व्हायला वेळ देत नाही. काळी माती वाळली की आक्रसते आणि तडकते. पहिल्या सरीने भेग वरून मिटते, आत मात्र पोकळी तशीच राहते. मग पाणी त्या उंचीला पोचतं आणि पोकळीतून वाट काढतं. काळी माती ओली झाल्यावर फुगून भेग मिटवते हे खरं, पण फुगायला वेळ लागतो आणि वाहतं पाणी थांबत नाही.

दुसरी अडचण चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, मातीची. पंढरपूर, मंगळवेढा भागात ओलिताखालच्या जमिनीत ती बरीच सापडते. अशी माती भरावात गेली असेल तर पाण्यात ती साखरेसारखी विरघळल्यागत सुटते. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेचा स्वच्छ पेला घ्या, त्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओता, आणि हरभऱ्याएवढं मातीचं ढेकूळ न हलवता अलगद तळाशी सोडा. दहा मिनिटं पेल्याला हात लावू नका. ढेकूळ नुसतं कोसळून ढीग झालं तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधाळ धूर पसरून तळभर गढूळ चादर झाली, तर ती माती मोरीच्या आसपास वापरायची नाही. बोअरचं पाणी या परीक्षेला चालत नाही. त्यातल्या क्षारांमुळे वाईट मातीही शहाणी दिसते.

आधी हे बघा: घाई आहे की वेळ आहे

पारदर्शक बाटलीत पाझराचं एक लिटर पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा. मग बाटली रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ बघा. पाणी नितळ आणि तळाला काही नाही, तर वेळ आहे. तळाला मातीचा पापुद्रा बसला, तर भराव आतून पोखरला जातोय. पाणी कधी नितळ कधी गढूळ येत असेल तर ते जास्त वाईट, कारण आत छोटी-छोटी ढासळ होऊन वाट तात्पुरती बंद पडतेय आणि पुन्हा फुटतेय. गढूळ पाण्याच्या जोडीला धार वाढत असेल, तर पुढचं सगळं सोडून शेवटच्या भागातली कृती करा.

धार नितळ असेल तर मोजायला सुरुवात करा. पाझर खालच्या बाजूला एका छोट्या चरात वळवा आणि १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. २० सेकंद लागले तर पाऊण लिटर सेकंदाला, म्हणजे दिवसाला जवळजवळ ६५ हजार लिटर. धार मोठी असेल तर पत्र्यात काटकोनी खाच कापून, म्हणजे ९० अंशांचा व्ही नॉच करून, चरात आडवा घट्ट बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सुमारे ०.८ लिटर, साडेसात असेल तर २.१, आणि १० असेल तर ४.४ लिटर सेकंदाला. उंची खाचेच्या तोंडावर मोजू नका, तिथे पाणी वाकलेलं असतं. अर्धा मीटर मागे पट्टी रोवा.

नुसत्या मापाला अर्थ नाही. त्याच वेळची तलावाची पातळीही लिहा. पातळीबरोबर पाझर वाढला-उतरला तर ते चालतं. पातळी तीच किंवा उतरती, आणि पाझर चढता, हे धोक्याचं. म्हणून वहीत दोन आकडे शेजारी-शेजारी हवेत, आठवड्यातून एकदा, आणि तलाव काठोकाठ असताना रोज.

पाणी नक्की कुठून येतंय

मोरीजवळची ओल तीन वाटांनी येते आणि तिघींचा इलाज वेगळा.

मोरीचं पाण्याच्या बाजूच्या विहिरीतलं दार पूर्ण बंद करा आणि ४८ तास थांबा. ओल कमी झाली तर पाणी पाइपच्या आतून येतंय: सांधा निसटलाय किंवा पाइप तडकलाय. ओल तशीच राहिली तर पाणी पाइपच्या बाहेरून, पाइप आणि माती यांच्या फटीतून चालत येतंय. गावाच्या नळयोजनेसाठी व्हॉल्व्ह खालच्या बाजूला बसवलेला असेल, तर भरावाखालचा सगळा पाइप कायम दाबाखाली असतो. ही मांडणी मुळातच वाईट. सांध्यातून सुटलेलं पाणी थेट गाभ्यात जातं. अशा ठिकाणी वरच्या बाजूला दार बसवणं हेच पहिलं काम.

दार बंद असताना खालच्या तोंडातून टॉर्चने पाइपच्या आत बघा. लांब बांबूला मोबाइल बांधून व्हिडिओ सुरू ठेवून आत सरकवला तर सांध्यांवरचे पांढरे क्षार, आत आलेली मुळं, मातीची जीभ स्पष्ट दिसते. माणसाने पाइपात शिरू नये.

तिसरी वाट पायातून. नाल्याच्या जुन्या पात्रात, मोरीपासून लांब, पायथ्याच्या खाली शेतात बुडबुड्यासारखे उमाळे दिसत असतील, तर पाणी भरावाखाली पाझर अडवायला खणून मातीने भरलेल्या चराच्या म्हणजे सीओटीच्या (कट-ऑफ ट्रेंच) खालून, बेसाल्टच्या सांध्यांतून येतंय. उमाळ्याभोवती बारीक वाळूचं कडं जमतंय का बघा. जमत असेल तर तिथून माती निघतेय.

शंका राहिली तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर वापरा. तलावाचं, पाझराचं आणि जवळच्या विहिरीचं पाणी मोजा. पाझराचा आकडा तलावाशी जुळला तर वाट थेट आणि मोकळी. विहिरीकडे झुकला तर ते शेजारच्या उसाच्या ओलिताचं पाणीही असू शकतं, आणि मग दोष भरावाचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या तलावात रंग सोडून बघण्याचे प्रयोग करू नका.

हंगामात, तलाव भरलेला असताना: उलटा गाळणथर

धार नितळ आहे, माती निघत नाही किंवा अगदी किंचित निघतेय, अशा वेळी ओलीवर गाळणथर टाकायचा. तळाला बारीक, वर भरड. काळी माती, प्लास्टिक, सिमेंट यातलं काहीही नाही.

ओलीच्या कडेपासून चारी बाजूंना एक मीटर जास्त धरा. ओल ४ बाय ३ मीटर असेल तर थर ६ बाय ५, म्हणजे ३० चौरस मीटर. आधी गवत आणि चिखल हाताने काढा, खोदायचं मात्र नाही. मग २० सेंटिमीटर भरड वाळू, त्यावर २० सेंटिमीटर १० ते २० मिलिमीटरची खडी, त्यावर २० सेंटिमीटर ४० ते ८० ची खडी, आणि वर वजनासाठी ३० सेंटिमीटर दगड. पहिल्या तिन्ही थरांना प्रत्येकी ६ घनमीटर, म्हणजे दोन ब्रासहून थोडं जास्त; दगड ९ घनमीटर, सव्वातीन ब्रास. हे सामान सप्टेंबरच्या आधीच पायथ्याजवळ टाकून ठेवा. चिखलात डंपर तिथवर पोचत नाही, आणि ऐनवेळी भराव फोडून रस्ता करायची कल्पना कुणाला तरी सुचतेच.

वाळूवर एक शब्द. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड येते. ती धुतलेली हवी. न धुतलेल्यात दगडाची भुकटी इतकी असते की थर दोन महिन्यांत गच्च होतो, आणि गच्च झालेला गाळणथर म्हणजे बूचच. काचेच्या बरणीत १० सेंटिमीटर वाळू घ्या, पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वाळूवर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड भुकटी बसली तर गाडी परत पाठवा.

धार इतकी जोरात असेल की वाळू टाकताच वाहून जाते, तर आधी हाताएवढे दगड टाकून जोर मोडा, मग खडी, आणि पाणी मंदावल्यावर वर वाळू-खडी-दगड असा क्रम पुन्हा सुरू करा. थर टाकल्यावर पाणी कमी झालं पाहिजे असा हट्ट नको. ते नितळ झालं पाहिजे. थराच्या खालच्या कडेला छोटा चर काढून ते पाणी व्ही नॉचकडे न्या आणि मोजणी चालू ठेवा.

जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं की वाळू लागत नाही, असं पुरवठादार सांगतात. पाझराच्या तोंडाशी ते कापड बारीक मातीने बुजतं आणि मग आत काय चाललंय ते दिसतही नाही. वाळूला पर्याय नाही.

मे महिन्यात, तलाव उतरल्यावर: कायमचं काम

पाइपच्या बाहेरून पाणी येण्याचं मूळ बहुधा बांधकामातलं असतं. गोल पाइपच्या कुशीत, दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला, रोलर पोचत नाही. तिथली माती सैल राहते, भराव खचताना ती पाइपपासून सुटते आणि पाइपच्या लांबीभर एक फट तयार होते. १९६१ साली पानशेतचा अर्धवट भरावही खचला तो मोरीच्या वरच. पूर्वी यावर पाइपला काँक्रीटच्या कॉलर बसवत. कॉलरभोवती दाबणं आणखी कठीण, म्हणून तो उपाय आता मागे पडला.

सध्याचा उपाय म्हणजे पाइपला वळसा घालणारी वाळूची भिंत. हे काम अभियंत्याच्या रेखाचित्राशिवाय करू नका, पण मापं माहीत असली तर ठेकेदार फसवू शकत नाही. जागा भरावाच्या रुंदीतल्या, खालच्या बाजूकडच्या एक-तृतीयांश भागात. पाइपचा बाहेरचा व्यास ६०० मिलिमीटर धरला तर दोन्ही बाजूंना आणि वर त्याच्या तिप्पट म्हणजे १.८ मीटर, खाली ०.६ मीटर किंवा खडक लागेपर्यंत, जाडी १ मीटर. हिशेब साधारण १२.३ घनमीटर, म्हणजे साडेचार ब्रास धुतलेली भरड वाळू. या वाळूत जमलेलं पाणी खडीत ठेवलेल्या छिद्रांच्या पाइपने पायथ्याबाहेर काढायचं. तो निचरा विसरला तर भिंत नुसती ओली होऊन बसते. खोदताना तलावाचं पाणी मोरीच्या तळाखाली हवं, आणि खड्ड्याच्या बाजू किमान एकास एक उताराच्या. उभ्या कापलेल्या काळ्या मातीखाली माणूस उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ.

परत भरताना पाइपजवळ १० सेंटिमीटरचे थर, हाताच्या रॅमरने. पाइपच्या वर किमान अर्धा मीटर भरल्याशिवाय रोलर नाही. जेसीबीचं बकेट आपटणं म्हणजे दाबणं नव्हे. ओलावा बघायला मातीचा लाडू वळा: हाताला पाणी सुटायला नको, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. भुगा झाला तर कोरडी आहे, चपटा झाला तर जास्त ओली. चोपण मातीशिवाय इलाज नसेल तर २ ते ४ टक्के चुना मिसळून, आणि तोही आधी पेल्यात परीक्षा करून.

पाइप आतून फुटला असेल तर त्यात लहान व्यासाचा एचडीपीई म्हणजे प्लास्टिकचा पाइप सरकवून मधली फट सिमेंटच्या ग्राउटने भरतात. विसर्ग घटतो, तेव्हा गावाला लागणारं पाणी आणि तातडीने तलाव रिकामा करायची गरज, दोन्हींचा हिशेब आधी करा. बाहेरची फट मात्र याने जात नाही.

एवढं करूनही परत आलं तर

आजवर पाझर नव्हता आणि अचानक सुरू झाला, तर पहिला प्रश्न: यंदा गाळ काढला का? सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेच्या कामात पोकलेन भरावाच्या पायथ्याला लागून खणतो, कारण तिथला गाळ उचलायला सोपा. वर्षानुवर्षं बसलेला तो गाळ म्हणजे तलावाच्या तळाचं अस्तर. ते काढून मुरूम उघडा पाडला की पाणी पायातून चालू लागतं. भरावाच्या उंचीच्या किमान पाचपट अंतर सोडूनच गाळ काढू द्या: ८ मीटर उंचीला ४० मीटर. अस्तर गेलंच असेल तर तिथे ६० सेंटिमीटर चांगली काळी माती थराथराने दाबून परत बसवा.

भेगा एप्रिलच्या शेवटी तपासा. माथ्यावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या भेगेपेक्षा आडवी, पाण्याच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे जाणारी भेग कितीतरी धोक्याची. तिच्यात पातळ चुन्याचं पाणी ओता. मग खोदत जा. पांढरी रेघ संपते तिथे भेग संपते. त्याच्याखाली आणखी ३० सेंटिमीटर खणून १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरा. कोरडी माती भेगेत लोटून वरून पाय देणं हा उपाय नाही. माथ्यावर २० ते ३० सेंटिमीटर मुरमाचा थर कायम ठेवला तर खालची काळी माती कमी वाळते.

वेडी बाभूळ भरावावर दर वर्षी बुंध्याला मनगटाएवढी होण्याआधी तोडा. मोठं झाड तलाव भरलेला असताना मुळासकट उपटू नका. मुळांच्या जागी नळ्या उरतात. घुशींची बिळं: नऊ भाग माती, एक भाग सिमेंट, पाणी घालून ताकासारखं पातळ करा आणि पाइपने वरच्या तोंडातून सोडा, बीळ तुडुंब होईपर्यंत. तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटल्यावर धरण खेकड्यांनी पोखरलं या दाव्यावरून बरीच थट्टा झाली. बिळं पाझराची वाट आखूड करतात हे खरं असलं तरी आधीपासून दिसणाऱ्या गळतीचं उत्तर म्हणून प्राण्यांकडे बोट दाखवता येत नाही.

आणि सांडवा. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यात मातीची पोती लावली, मासे अडवायला जाळी लावली, की भरावाच्या वरून पाणी जायची सोय झाली. मातीचं धरण माथ्यावरून पाणी गेल्यावर फार वेळ टिकत नाही. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने दर १० मीटरवर माथ्याची पातळी तपासा. सगळ्यात खोल जागा बहुधा मोरीच्या वरच सापडते.

गढूळ धार वाढतेय, तलावात भोवरा दिसतोय, उतारावर खड्डा पडलाय

आधी फोन, मग फावडं. ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तलाठी, तहसीलदार, आणि तलाव ज्या खात्याकडे आहे तिथला अभियंता. जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण की जलसंपदा हे सिंचन क्षमतेनुसार ठरतं. नाव-नंबर आधीच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवा. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक धरणांसाठी आहे. दहा मीटरच्या आतला गावतलाव त्यात येत नाही, म्हणून आपणहून कुणी तपासायला येईल अशी वाट पाहू नका.

नाल्याकाठची घरं, वस्त्या, गोठे लगेच रिकामे करा, पुलावर माणूस उभा करा. पाणी उतरवा. एरवी काळ्या मातीच्या भरावात दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने पाणी उतरवू नये, पाण्याच्या बाजूचा उतार घसरतो. पण भराव फुटायला आल्यावर हा नियम बाजूला. गळती मोरीचीच असेल तर मोरी पूर्ण उघडून तिच्यावर भिस्त ठेवू नका, सायफन, म्हणजे माथ्यावरून पलीकडे टाकलेला पाण्याने भरलेला पाइप, लावा. १५० मिलिमीटरचा पाइप, ६० मीटर लांब, दोन्ही टोकांत ४ मीटर फरक असेल तर सेकंदाला ४० ते ५० लिटर पाणी काढतो. माथा पाण्यापासून ५ ते ६ मीटरपेक्षा उंच नको आणि खालचं टोक पायथ्यापासून लांब, दगडावर सोडा. एक सायफन पुरत नाही, चार-पाच लावा.

भोवऱ्याच्या जागी पाण्याच्या बाजूने ताडपत्री आणि मातीची पोती सोडता येतात, पण होडीतून किंवा दोराने. पोहत जाऊन नव्हे. खालच्या बाजूला तोंडावर दगड-खडी-वाळूचा थर. रात्री भरावावर फक्त दोन माणसं, दोघांच्या हातात टॉर्च, आणि दोघंही मोरीच्या दोन बाजूंना, मोरीच्या वर कुणीही उभं राहायचं नाही.